उचलीपायी फडावर अडकवलेलं कुटुंब, दिल्लीच्या मानवाधिकार आयोगाला केलेला अर्ज आणि पुढं काय झालं

डोंगरपट्टा

राम राम मंडळी. हे कवापासून लिहीन लिहीन म्हणतोय पण लग्नसराई, शाळा, पाऊसपाणी यात राहून गेलं. आता दसरा झाला, गाड्या भरायला लागल्यात, म्हणलं आत्ताच टाकावं, कोणाच्या तरी उपयोगी पडंल.

मी धारूरकडचा, झेडपीच्या शाळेवर मास्तर आहे. शेजारच्या तांड्यावरनं निम्म्याच्या वर माणसं ऊसतोडीला जातात. बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी सांगतो, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेले आगाऊ पैसे, जोडीवर मिळते, आणि दोघातलं एक पडलं की राहिलेल्याला अर्धा कोयता म्हणतात. मागच्या हंगामात असाच एक कोयता पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या फडावर अडकला. कारखान्याचं, मुकादमाचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

उचल ९० हजार. जानेवारीत बाई कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीतच, बाळंत झाली आणि दहाव्या दिवशी तिला मोळ्या उचलायला उभी केली. अंगावरून जायला लागलं तशी ती म्हणली मला गावाकडं जाऊ द्या, तर मुकादम म्हणला जा की, उचल फेड अन जा, खाडे धरून १ लाख १० हजार झालेत. नवऱ्याचा फोन काढून घेतला. रात्री कोपीसमोर दोन गडी झोपायला लागले. त्याचा भाऊ तिथल्या ठाण्यात गेला तर पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी मॅटर, कोर्टात जा. इकडच्या ठाण्यात गेलो तर हद्द आमची नाही.

मग मी अर्ज लिहिला, आणि तो चुकला. वर मुख्यमंत्री, खाली प्रत माहितीसाठी म्हणून कलेक्टर, एसपी, महिला आयोग, कामगार आयुक्त आणि शेवटी राष्ट्रीय मानवाधिकार आयोग, सहा ठिकाणी रजिस्टर पोस्ट केलं, आणि आठ-दहा दिवस वाट बघत बसलो. अंबाजोगाईच्या एका वकील ताईंनी सांगितलं, मास्तर, नुसती प्रत आयोग धरतच नाही, त्यांच्या नियमातच आहे, दुसऱ्याच्या नावाच्या अर्जाची कॉपी आली की दप्तरी दाखल. आणि तुम्ही विषय लिहिलाय थकीत मजुरीबाबत, तो तर कामगार वाद झाला, तोही ते घेत नाहीत. विषय बदला. बाळंतीण बाईला डांबून काम करून घेणं ही वेठबिगारी आहे, १९७६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि पोलिसांनी तक्रार घेतली नाही हा सरकारी नोकराचा हलगर्जीपणा आहे. ह्या दोन गोष्टी आधी लिहा.

दुसरा अर्ज फक्त आयोगाच्या नावानं, मराठीत, दीड पान. आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत चालतो, फी नाही, स्टॅम्प नाही, वकील नाही. ऑनलाईन भरला, डायरी नंबर लगेच आला, काही दिवसांनी केस नंबर. त्यात मधे १३ असतंय, ते महाराष्ट्राचं. आणि साधारण तीन आठवड्यांनी तिथल्या तहसीलची गाडी फडावर गेली. कोणी कोणाला काय विचारलं माहीत नाही, पण संध्याकाळी मुकादमानं फोन परत दिला आणि दुसऱ्या दिवशी चौघं एसटीनं गावात आली. मी स्टँडवर होतो. बाळ टॉवेलात गुंडाळलेलं, बाईच्या पायात चप्पल नव्हती.

इथपर्यंत चांगलं झालं. पुढचं खरं सांगायचंय ते असं की जूनमधे आयोगाचं पाकीट आलं, आत तिथल्या पोलिसांचा अहवाल, आणि त्यावर तुमचं म्हणणं चार आठवड्यात कळवा. अहवालात लिहिलेलं, सदर इसम स्वखुशीने काम करीत असून त्याची कोणाविरुद्ध तक्रार नाही. सोबत त्याचा जबाब जोडलेला आणि जबाबाखाली त्याचा डाव्या हाताचा अंगठा.

तो अंगठा लावतच नाही. सही करतो. दुसरीत असताना पाटीवर नाव गिरवून मीच शिकवलंय त्याला.

ते पाकीट तांड्यावरच्या पत्त्यावर आलेलं, पोस्टमन मामांनी किराणा दुकानात ठेवलं, दुकानदार विसरला. माझ्या हातात आलं तेव्हा मुदतीचे सहा दिवस राहिले होते. उत्तर गेलं नसतं तर तक्रारदाराला काही म्हणायचं नाही असं धरून फाईल बंद. अशा कितीतरी फायली बंद होत असतील हो. मी बँकेची पैसे काढायची स्लिप, निवडणुकीच्या वेळचा एक फॉर्म, जिथं जिथं त्याची सही होती ते सगळं जोडून पाठवलं. आता मागच्या आठवड्यात पत्र आलंय, आयोगानं कलेक्टरकडं नव्यानं अहवाल मागितलाय, यावेळी पोलीस सोडून.

वेठबिगारीतनं सुटल्याचा, म्हणजे मुक्तीचा दाखला मात्र अजून हातात नाही. त्यासाठी कोणाला कुठं धरायचं, कोणी केलं असेल तर सांगा.


गोदाकाठची

मास्तर, वाचून गलबलून आलं. मी माजलगाव भागात आशा आहे. दहाव्या दिवशी मोळी ही गोष्ट आमच्या रजिस्टरला कुठंच येत नाही, कारण बाळंतपण इथं नोंदलेलं नसतं आणि तिकडं कोणी नोंदवत नाही.

ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं सगळ्यांना आठवत असंल, २०१९ ला पेपरात आलं तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगानं मुख्य सचिवांना नोटीस काढली, मग सरकारनं समिती नेमली, ८२ हजारावर ऊसतोड बायांचा सर्वे झाला त्यात १३ हजारावर बायांची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे नोटिशीनं काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. त्याच्या आधी आम्ही मिटिंगमधे हेच सांगायचो तर कोणी लिहून घेत नव्हतं. पण नोटीस आली, सर्वे झाला, पुढं त्या १३ हजार बायांना काय मिळालं? माझ्या गावातली एक तिशीतच पिशवी काढलेली, आज तिला मोळी उचलवत नाही तरी जाती.


मोंढा_रोड

मास्तरांच्या कामाबद्दल आदर आहेच, तरी एक बाजू मांडतो. आयोग फक्त शिफारस करतो. कोणाला अटक करू शकत नाही, कोणाला निलंबित करू शकत नाही, भरपाई द्या असं म्हणतो आणि सरकारनं नाही दिली तर परत पत्र लिहितो. ३० वर्षं झाली की. आणि चौकशी करणाऱ्या विभागात पुन्हा पोलीस खात्यातनंच आलेले अधिकारी. पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांनीच बघायची हा मुद्दा जगभरातल्या मानवाधिकार संस्थांची जी संघटना आहे तिनंही काढला, त्यासाठी आणि आयोगावर बाया, अल्पसंख्य यांचं प्रमाण कमी म्हणून २०२३ ला आणि परत २०२४ ला भारताचा दर्जा ठरवायचं पुढं ढकललं. मग गरिबानं कशाच्या जोरावर आशा ठेवावी?


काळाकोट_लातूर

@मोंढा_रोड शिफारस हे खरं, पण अधिकार तेवढेच नाहीत. चौकशी करताना आयोगाला दिवाणी कोर्टाचे अधिकार असतात, मानवाधिकार कायद्याचं कलम १३. समन्स काढून अधिकाऱ्याला दिल्लीला बोलावता येतं, शपथेवर विचारता येतं, कागद मागवता येतात. कलेक्टर-एसपी पत्राला उत्तर देत नाहीत पण स्वतः हजर राहा असा समन्स निघाला की अहवाल चार दिवस आधी पोचतो, हे मी माझ्या अशिलाच्या केसमधे बघितलंय. कलम १८ खाली भरपाई, खटला, तातडीची मदत याची शिफारस होते आणि सरकारनं महिन्याभरात काय केलं ते कळवायचं असतं. नाही ऐकलं तर आयोग स्वतः हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात जाऊ शकतो. मद्रास हायकोर्टाच्या फुल बेंचनं २०२१ मधे तर राज्य आयोगाची शिफारस सरकारवर बंधनकारक आहे असंच म्हणलं. आपल्याकडं तो निकाल थेट लागू नाही, पण युक्तिवादात वापरता येतो.

आता लोक जिथं चुकतात ते सांगतो.

घटनेला एक वर्ष झालं की आयोग हात लावत नाही, कलम ३६. आपल्याकडं आधी गावकी बसते, मग पुढारी मधे पडतो, मग ठाण्याच्या चकरा, यात वर्ष सहज जातं. दुसरं म्हणजे राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग दोन्हीकडं एकाच वेळी अर्ज टाकू नका. राज्याचा आयोग मुंबईला सीएसएमटी समोर आहे, २००१ पासून चालू. त्यांच्याकडं आधी नोंद झाली की दिल्लीवाले बघत नाहीत. लोकांना वाटतं दोन्हीकडं टाकलं म्हणजे वजन पडंल, होतं उलटं. कोर्टात चालू असलेलं प्रकरणही घेत नाहीत. आणि निनावी अर्ज करू नका, भीती कळते पण निनावी म्हणून जातो तो बाजूला. आपलं नाव लिहा आणि नाव उघड करू नये अशी विनंती अर्जातच करा.

वेठबिगारीत आयोगाचं वजन जास्त आहे त्याला कारण आहे. १९९७ ला सुप्रीम कोर्टानंच त्या कायद्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवायचं काम आयोगावर टाकलं. म्हणून त्या शब्दानं आलेली तक्रार कलेक्टरकडं जोरात जाते.

मास्तर, दाखल्याचं: तो पोलीस देत नाहीत, जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, देतात. ज्या तालुक्यात डांबलं तिथल्या प्रांताला लेखी मागणी करा आणि त्याची पोच आयोगाला पुढच्या पत्रात जोडा. वेठबिगारीच्या १९७६ च्या कायद्याचं कलम १५ जरूर लिहा. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते, मजुरावर नाही. उचल तिथंच संपली, ती वसूल करणं हाच गुन्हा. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३० हजारापर्यंत, पुढं पुरुषाला १ लाख, बाया-लेकरांना २ लाख, फार वाईट प्रकरण असंल तर ३ लाख. पूर्ण रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलीय म्हणून रखडते, पण तातडीची निकालासाठी थांबवता येत नाही.


डोंगरपट्टा

साहेब, कलम १५ माहीतच नव्हतं. आम्ही उलट तीन महिने पुरावे गोळा करत फिरलो की उचल किती होती अन किती फिटली. मुकादमाच्या वहीचा फोटो मिळतोय का म्हणून त्याच्या पुतण्याच्या हातापाया पडलो.

@मोंढा_रोड भाऊ, तुमचं खोटं नाही. मला आयोगानं न्याय दिला असं मी म्हणतच नाही. पण त्या पत्रानं एक झालं बघा. तोवर त्या माणसाची गोष्ट नुसती तोंडी होती, ठाण्यात गेली की हवेत. दिल्लीचा नंबर पडल्यावर तहसीलला, पोलिसाला, कलेक्टरला त्याच्याबद्दल काहीतरी लिहावंच लागलं, आणि लिहिलं म्हणून तर तो खोटा अंगठा सापडला. कोणी विचारलंच नसतं तर तो खोटेपणा करायची गरजसुद्धा पडली नसती त्यांना.


संविधान_परभणी

मास्तर, हा मुद्दा मनाला लागला. आमच्या परभणीत तेच झालं. डिसेंबर २०२४ मधे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेला कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत वारला. हृदयविकार, जुना आजार, हे लगेच सांगायला सुरुवात झाली. पण कोठडीतल्या मृत्यूत कागद आपोआप तयार होतात, आणि त्यातला एक नियम ह्याच आयोगाचा आहे, डिसेंबर १९९३ पासूनचा. कोठडीत कोणी मेलं तर २४ तासात आयोगाला कळवायचं. पुढं शवविच्छेदनाचं चित्रीकरण करा हेही आयोगानंच राज्यांना सांगितलं. वर मॅजिस्ट्रेटची चौकशी. परभणीत ती चौकशी झाली, अहवाल राज्य मानवाधिकार आयोगाकडं गेला, त्यात पोलिसांवर ठपका होता, आयोगानं नोटिसा काढल्या. जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, सुप्रीम कोर्टात तो टिकला. त्या पोराच्या आईनं मदतीचे पैसे नको, गुन्हा नोंदवा म्हणून धरून ठेवलं हे कोणी विसरू नये.

अजून एक. मानवाधिकाराच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली ८ जानेवारी १९९४ ला, आणि आपल्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४. सहा दिवसांचं अंतर. माझे वडील नामांतराच्या लढ्यात जेलात गेलेले, त्यांना त्या आठवड्यात दिल्लीत असा काही कायदा झाला हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. आणि त्या काळात गावोगाव ज्यांची घरं जळाली त्यांच्यासाठी तो कायदा आलाच उशिरा, आला तोही एक वर्षाची अट घेऊन.


नांदेडकर_लेस्टर

मी मूळ नांदेडची, १४ वर्षं झाली इंग्लंडमधे आहे, म्हणून इथलं सांगते, तुलना म्हणून. इथं समता आणि मानवाधिकार यांचा एकच आयोग आहे, २००७ मधे सुरू झाला, आधी वंशाचा, बायकांचा आणि अपंगांचा असे तीन वेगळे होते ते एकत्र केले. त्याच्या हातात २०१० चा समता कायदा आहे. वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग असे नऊ आधार, आणि त्यावरून नोकरीत, दुकानात, भाड्याच्या घरात कोणीही भेदभाव केला, खाजगी माणसानं केला तरी, तो कायद्यात येतो. आपल्याकडं असा एकच कायदा नाही. आपल्याकडचा मानवाधिकार आयोग सरकारी नोकराच्या वागण्याशीच मुख्यतः बांधलेला, आणि बाकी एससी आयोग वेगळा, एसटी वेगळा, महिला वेगळा, बालहक्क वेगळा. त्यांचे अध्यक्ष मानवाधिकार आयोगावर पदसिद्ध सदस्य असतात पण गरिबाला दारं मात्र वेगवेगळीच ठोठावावी लागतात.

पण इथंही सगळं चांगलंय असं समजू नका. जात ह्या नऊ आधारात नाही. २०१३ ला संसदेनं सरकारला सांगितलं होतं की कायद्यात जात घाला. आयोगानं जातीवर अभ्यास करून घेतला, अहवाल आले. आणि २०१८ ला सरकारनं ठरवलं की घालायची नाही, कोर्टाच्या निकालांवर सोडू. माझ्या इथल्या मैत्रिणीला, तीही आपल्याकडचीच, एका घरगुती कार्यक्रमात आडनाव विचारून स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. सात हजार किलोमीटर लांब येऊन. तिनं कुठं जायचं?


गोदाकाठची

@नांदेडकर_लेस्टर ताई, हे वाचून कसंतरीच झालं. मैत्रिणीला आमच्याकडून सांगा, आम्ही वाचलं म्हणून.

वकील साहेबांना विचारायचंय, पिशवीचं ऑपरेशन खाजगी दवाखान्यात झालं असंल तर आयोगाकडं जाता येतं का?


काळाकोट_लातूर

ताई, डॉक्टरविरुद्ध थेट अर्ज केला तर खाजगी म्हणून परत येईल. पण कायद्यात दोन गोष्टी आहेत, सरकारी नोकरानं हक्क मोडणं आणि दुसरा कोणी मोडत असताना सरकारी नोकरानं तो थांबवण्यात हयगय करणं. जिल्हा शल्यचिकित्सकांना माहीत असून त्यांनी तपासणी केली नाही, ह्या बाजूनं लिहा. तुम्ही मिटिंगमधे सांगितलं त्याचं इतिवृत्त मिळालं तर ते लावा. मात्र ऑपरेशनची तारीख बघा, वर्षाच्या आतलं पाहिजे.


पारगाव_१७

नमस्कार सर. मी पहिल्यांदाच इथं लिहितोय. मी अकरावीला आहे, आई-वडील कर्नाटकात फडावर आहेत, दिवाळीच्या आधीच गेले. वडिलांच्या पायावर टायर गेला गाडीचा, मुकादम दवाखान्यात नेत नाही म्हणतो उचल बाकी आहे. आई रडत फोन करते दुसऱ्याच्या फोनवरून. मी लहान आहे तर माझा अर्ज चालतो का. आणि मराठीत कर्नाटकचं कसं लिहायचं.


डोंगरपट्टा

बाळा, चालतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानंच लिहावं असं नाही, त्याच्या वतीनं कोणीही लिहू शकतो. अर्ज मराठीतच लिही, दिल्लीला जातो तो, तिथून ते कर्नाटकला पाठवतील. पण आधी दवाखान्याचं बघू. आईच्या दुसऱ्या फोनवर सांग, रुग्णवाहिकेला १०८ लावायला, तिकडंही तोच नंबर आहे.

अर्जासाठी मला एवढं पाहिजे: फड कुठल्या गावाच्या शिवारात आहे, कारखाना कुठला, मुकादमाचं नाव-गाव, उचल किती आणि कोणासमोर घेतली, टायर कुठल्या तारखेला गेला. गाव कळत नसंल तर आईला म्हण उसाच्या स्लिपवर शेतकऱ्याचं नाव आणि गाव असतं, त्याचा फोटो कोणाकडून तरी पाठव. पत्ता तांड्याचा टाकायचा नाही, माझ्या शाळेचा टाकू, तिथं पाकीट गहाळ होत नाही. आयोगाची हेल्पलाईन १४४३३ आहे, तीही आपण सोबत बसून लावू.

पारगाव म्हणजे कुठलं, तीन-चार आहेत आपल्याकडं. मेसेज कर. मोटरसायकल घेऊन सकाळीच येतो, शाळा दहाला आहे माझी.


पारगाव_१७

सर मेसेज केलाय. स्लिपचा फोटो आला आहे पण अर्धाच दिसतोय.


काळाकोट_लातूर

अर्धा तर अर्धा, टाका तो. त्या भागात माझा एक मित्र वकिली करतो, कन्नड वाचून सांगंल.